टर्बो सीमध्ये प्रोग्राम रन केला की खिडकीच बंद होते. डिबग कसं करायचं, की सरळ कोडब्लॉक्स (नवा सी एडिटर) घेऊ? सर म्हणतात, कंपायलर जुना आहे म्हणून उत्तरं चुकतात. (विंडोज १०, बीसीएस प्रथम वर्ष)

खिडकी टर्बो सी बंद करत नाही, डॉसबॉक्स करतो, म्हणजे विंडोजवर जुन्या डॉसची नक्कल करून टर्बो सी चालवणारा प्रोग्राम. टर्बो सीत कंट्रोल-एफ९ म्हणजे रन, आणि साध्या डॉसबॉक्समध्ये तीच कळ म्हणजे डॉसबॉक्स बंद. कळ आधी डॉसबॉक्सला मिळते, त्यामुळं सेव्ह न केलेला प्रोग्रामही जातो. ऑल्ट-आर दाबून रन मेनू उघडा आणि तिथून रन करा, नाहीतर कंट्रोल-एफ१ नं डॉसबॉक्सचा कीमॅपर उघडून ती कळ काढून टाका. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरलेल्या ओळीवर थांबवणं) ची कंट्रोल-एफ८ आणि वॉच (व्हेरिएबलची किंमत बघत राहणं) ची कंट्रोल-एफ७ यांचंही तेच, डॉसबॉक्स त्या फ्रेमस्किपसाठी, म्हणजे स्क्रीनच्या फ्रेम गाळण्यासाठी वापरतो. दोन्ही गोष्टी डिबग मेनूतून करा. एफ७ (एकेक ओळ), एफ८ (फंक्शनच्या आत न शिरता एकेक ओळ), एफ४ (कर्सरपर्यंत) या नुसत्या कळा नीट चालतात. आउटपुट दिसलं नाही तर ऑल्ट-एफ५.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळं. तुमचे सर म्हणाले, "कंपायलर जुना आहे म्हणून उत्तरं चुकतात." हेच वाक्य मी परभणीत ऐकलंय, आणि ते तेव्हाही खोटं होतं.

आमच्या लॅबमध्ये एका मशीनवर तिघी बसायचो. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, यूपीएस फक्त सरांच्या मशीनला, म्हणून दोन ओळी टाइप केल्या की बोट आपोआप सेव्हच्या एफ२ वर जायचं. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्राम सरांनी वर्गात सांगितलेला, सगळी व्हेरिएबल इंट, म्हणजे टर्बो सीत दोन बाइटचे पूर्णांक. जर्नलमध्ये ५ घालून १२० लिहायचं ठरलेलं. माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं ८ घातले आणि स्क्रीनवर आलं उणे २५२१६. गुणाकारातून उणे आकडा! तिनं सरांना बोलावलं. "मोठे आकडे कायला टाकायलीस? पाचच घाल," म्हणाले. मी म्हटलं, सर, आठ काय मोठा आकडा आहे का?

मग त्यांनी स्वतः कीबोर्ड घेतला, इंट खोडून लाँग केलं आणि रन केलं. पुन्हा उणे २५२१६. "बघ, लाँग करूनबी तेच. कंपायलरच जुना हाय, डोकं नको लावू."

ते पुढच्या मशीनकडं वळले तेव्हा मी डिबग मेनूतून फॅक्टला, म्हणजे उत्तर ठेवणाऱ्या व्हेरिएबलला, वॉच लावला आणि एफ७ दाबत गेले. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण डिबगिंग म्हणजे एवढंच आहे. निळ्या स्क्रीनवर एक पट्टी एकेका ओळीवर सरकते. स्कॅनएफच्या ओळीवर स्क्रीन काळी होते, तिथं ८ घालून एंटर मारलं की परत निळ्यात येता. फॉर लूपमध्ये पट्टी वर-खाली फिरते आणि खालच्या वॉच खिडकीत फॅक्टचा आकडा बदलत जातो: १, २, ६, २४, १२०, ७२०, ५०४०. आणि शेवटच्या फेरीला ४०३२०. बरोब्बर. आत ४०३२०, बाहेर उणे २५२१६. म्हणजे गुणाकार चुकला नव्हता, छापणं चुकलं होतं. सरांनी लाँग केलं, पण प्रिंटएफमध्ये पर्सेंट डी, म्हणजे इंट छापायची खूण, तसंच ठेवलं. टर्बो सीत लाँग चार बाइटचा, पर्सेंट डी त्यातले खालचे दोनच बाइट उचलतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा करून बघा, काय येतं ते. लाँगची खूण पर्सेंट एलडी केली आणि ४०३२० छापून आलं.

मी सरांना परत बोलावून वॉच खिडकी दाखवली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "डिबगरला प्रॅक्टिकलला मार्क नसतात." जर्नलमध्ये १२० च गेलं.

मला राग या गोष्टीचा आहे की त्या लॅबमधली प्रत्येक मुलगी व्हायवात 'इंटची रेंज उणे ३२७६८ ते ३२७६७' हे न अडखळता म्हणून दाखवायची. आणि तीच रेंज डोळ्यांसमोर फुटली तेव्हा कुणालाही ओळखू आली नाही, शिकवणाऱ्यालासुद्धा नाही. उणे आकडा निदान संशय तरी देतो. सगळं इंटच ठेवून १० चा फॅक्टोरियल काढा, २४३२० येईल. धन आकडा, दिसायला अगदी खरा, आणि साफ चुकीचा.

आता कोडब्लॉक्सचं. घ्या, जरूर घ्या. पण तिथं इंट चार बाइटचा म्हणून चूक पुढं ढकलली जाते, जात नाही. तिथं इंट घेऊन १३ चा फॅक्टोरियल काढला तर साधारणपणे १९३२०५३५०४ येतो. खरा आहे ६२२७०२०८००. मग काय म्हणणार, हाही कंपायलर जुना? मी आज वाळूजच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचे प्रोग्राम लिहिते. लहान मायक्रोकंट्रोलरवर (यंत्र चालवणाऱ्या चिपवर) दोन बाइटचा इंट अजून रोज भेटतो, आर्डुइनो ऊनो या शिकाऊंच्या बोर्डवरही इंट दोनच बाइटचा आहे. नवी पोरं येतात, त्यांना सेकंदांची मोजणी नऊ तासांच्या जरा पुढं उणे का होते ते कळत नाही. ३२७६७ सेकंद म्हणजे नऊ तास सहा मिनिटं, हे कागदावर मांडायला मी लावते.

सर अजून भेटतात, लग्नाकार्यात. अजून म्हणतात, आपल्याकडच्या पोरांना पास व्हायचं असतं, डिबगर त्यांच्या काय कामाचा. मी म्हणते, त्यांच्याच कामाचा. पुण्यातल्या पोराला घरात नाहीतर शेजारी विचारायला कुणीतरी असतं. सेलू-जिंतूरहून एसटीनं येणाऱ्या पोरीला प्रोग्राम अडला तर विचारायला फक्त ती वॉच खिडकी असते. ती न शिकवता 'कंपायलर जुना' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

तुम्ही एवढं करा. कॉलेजचा कोणताही एक चालणारा प्रोग्राम घ्या, मुद्दाम मोठे इनपुट घाला, आणि उत्तर चुकलं की कोडकडं बघत बसू नका, वॉच लावून एफ७ दाबत जा. लूप लांब असेल तर कर्सर पुढच्या ओळीवर ठेवून एफ४. मध्येच सोडायचं असेल तर कंट्रोल-एफ२. प्रोग्राम संपताना 'नल पॉइंटर असाइनमेंट' असा मेसेज आला तर कुठला तरी पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) पत्ता न देताच वापरलाय, बहुतेक वेळा स्कॅनएफला दिलेल्या कॅरेक्टर पॉइंटरला जागाच दिलेली नसते.

टर्बो सीची बाजू घेतली म्हणून त्याच्या सवयी मात्र उचलू नका. व्हॉइड मेन, क्लियरस्क्रीन, कोनिओ हे सगळं तिथलं आहे, बाहेर चालेलच असं नाही. सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाण १९९८ चं, हा कंपायलर त्याच्या आधीचा, म्हणून त्यावरचं सी प्लस प्लस आजच्या कंपायलरवर बहुतेक वेळा जसंच्या तसं कंपाइल होत नाही. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा. परीक्षेत सरांना व्हॉइड मेन हवं असेल तर लिहून द्या, मार्क घालवू नका. घरी कोडब्लॉक्समध्ये इंट मेन लिहा, वॉर्निंग सगळ्या चालू ठेवा. लाँगला पर्सेंट डी लावलं तर तो तिथंच टोकेल.