आईचं गुडघ्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन नाशिकमध्ये करायचंय. 'छोट्या छेदाची' पद्धत निवडावी का?

तुमच्या आई 67 वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे आणि उजवा गुडघा पूर्ण झिजलाय. एका डॉक्टरांनी छोट्या छेदाचं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी नेहमीचं, म्हणून तुम्ही गोंधळला आहात. माझं मत आधीच सांगतो: छेद किती इंचांचा हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, मांडीच्या स्नायूचं काय करणार?

नेहमीच्या पद्धतीत गुडघ्यावर 20 ते 25 सेंमीचा छेद घेतात, मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा उभा चिरतात आणि वाटी उलटवून बाजूला करतात. सांधा पूर्ण उघडा दिसतो. छोट्या छेदाच्या पद्धतीत कातडीवर 10 ते 14 सेंमी पुरतात आणि वाटी न उलटवता नुसती सरकवतात. त्यातल्या 'सबव्हास्टस' प्रकारात आतल्या बाजूचा स्नायू न कापता खालून उचलतात. 'मिडव्हास्टस'मध्ये त्याच्या तंतूंमधून वाट काढतात. फायदा येतो तो इथून. सरळ पाय उचलायची ताकद लवकर परत येते, पहिले काही आठवडे सोपे जातात. वर्षभरानंतर मात्र दोन्ही पद्धतींचे गुडघे जवळपास सारखेच चालतात. आत बसवायचा सांधा तोच असतो, त्यामुळे आईंना खाली मांडी घालून बसता येईल की नाही, हे छेदावर ठरत नाही.

धोकाही छोट्या जागेतूनच येतो. गुडघा वाकवला की मागचा भाग दिसतो, सरळ केला की पुढचा. एका वेळी सगळं कधीच दिसत नाही. त्यासाठी लहान आकाराचे कटिंग ब्लॉक (हाड मापात कापायचे साचे) लागतात आणि पाय नेमका धरणारा सराईत सहायक लागतो. सराव कमी असेल तर कृत्रिम सांध्याचा नडगीवर बसणारा भाग तिरका बसतो, सांधा हाडाला चिकटवायच्या सिमेंटचा तुकडा मागे राहून जातो, ऑपरेशन लांबतं. अपुरा छेद हुकांनी जोरात ताणला की कातडीच्या कडा काळ्या पडतात आणि मधुमेहात अशी जखम भरायला फार त्रास देते. दोन सेंमी वाचवण्यासाठी हे पत्करणं मला अजिबात पटत नाही. चांगला सर्जन गरज पडली की छेद बिनदिक्कत वाढवतो.

पाय खूप बाकदार झालेत, गुडघा सरळ होत नाही किंवा 90 अंशही वाकत नाही, वजन फार आहे, आधी त्याच गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालंय: यातलं काही असेल तर नेहमीचीच पद्धत घ्या. उलट झीज गुडघ्याच्या फक्त आतल्या बाजूच्या कप्प्यात असेल आणि सांध्यातले लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारे पट्टे) शाबूत असतील, तर अर्धा सांधा बदलण्याबद्दल जरूर विचारा. त्यात हाडही कमी कापलं जातं.

'दुसऱ्या दिवशी चालवतो' याचं श्रेय बरेचदा छेदाला देतात. त्यातला मोठा वाटा भूल, वेदनाशमन आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवण्याचा असतो: मांडीतला नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन), सांध्याभोवती दिलेली इंजेक्शनं, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक ॲसिड. नेहमीच्या छेदातही हे सगळं मिळतं आणि रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभा राहतो. म्हणून याची चौकशी दोन्हीकडे करा.

खर्चाचं म्हणाल तर, गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमतीवर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. बिलात सांध्याची रक्कम वेगळी दाखवायला सांगा.

ऑपरेशनआधी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 7.5 टक्क्यांच्या आसपास आणा; किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पायाच्या भेगा आधी बऱ्या करून घ्या. नंतर गुडघ्याखाली उशी ठेवू नका, आराम वाटला तरी. गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली ठेवा. टाके साधारण 12 ते 14 दिवसांनी निघतात. पाचव्या दिवसानंतरही जखम पाझरत असेल तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका, त्याच दिवशी सर्जनना दाखवा. पोटरी अचानक सुजून दुखू लागली तरी तेच करा. सर्जन मुंबईहून येऊन नाशिकला ऑपरेशन करणारे असतील, तर ते नसताना जखम कोण बघणार, हे तारीख घेण्याआधी विचारून ठेवा.