काकूंच्या वहीतलं ‘सोबत’ खातं

“आई त्या मुलाच्या नादी लागलीय, मॅडम. तुम्ही जरा समजवा तिला.” असे फोन मला येतच असतात, बहुतेक परदेशातून. हा डॅलसहून होता. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. आई एकाहत्तरची, कर्वे रस्त्याजवळ स्वतःचा मोठा फ्लॅट, मुदतठेवी भरपूर. आणि बँकेच्या रांगेत ओळख झालेला एक चौतिशीचा तरुण, जो आता रोज संध्याकाळी येतो.

मी लेकीला म्हटलं, काकू आपणहून आल्या तरच बोलेन. धरून आणलेल्या माणसाशी बोलून काही हाती लागत नाही. (खुणेचे तपशील बदलले आहेत.)

काकू आल्या त्या वही घेऊनच. यजमानांची हिशोबाची सवय त्यांनी पुढे चालवली होती. दूध, भाजी, वीजबिल, आणि एका पानावर लाल शाईत ‘सोबत’. खाली नोंदी: मोबाइल 18,000. गाडीचा हप्ता, दोनदा. बहिणीच्या लग्नाला हातउसने 75,000. चौदा महिन्यांचे मिळून दीड लाखाच्या वर.

“लेक म्हणते मला फसवलंय. फसलेल्या बाईकडे असा हिशोब असतो का हो?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्यांची परवडणारी रक्कम मला तितकी खुपतही नव्हती. मी विचारलं, हल्ली घरी येणं कोणाचं बंद झालंय? तेव्हा एकेक निघालं. भिशी सुटली, कारण ती संध्याकाळी असते. भजनी मंडळ सुटलं. शेजारच्या वहिनींशी अबोला, कारण “त्या तुमच्याबद्दल काहीबाही बोलतात, मावशी” असं त्यानेच कानावर घातलेलं. इथे मात्र माझे कान टवकारले.

वहीच्या शेवटी घडी घातलेला कागद होता. फ्लॅटच्या बक्षीसपत्राचा मसुदा. “मृत्युपत्रासारखंच असतं म्हणाला.”

तसं नसतं. मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात दिलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी कलम 23 आहे, पण त्याचा आधार मिळतो तो सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली तर. या मसुद्यात तशी एक ओळही नव्हती. मी काकूंना वकिलांकडे पाठवलं, आणि 14567 हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक वहीत लिहून दिला.

मैत्री तोडा, असं मी म्हटलं नाही. म्हटलं, त्याला एवढंच सांगा की कागद वकिलांना दाखवून, लेकीला विचारून करू. आणि गुरुवारी भिशीला जा.

लेकीलाही सांगितलं, रविवारच्या फोनवर ‘गोळ्या घेतल्यास का’ याशिवाय काहीतरी विचारत जा. ती दुखावली. पण पुढच्या रविवारी तिने आईला सांदणांची कृती विचारली, आणि फोन तासभर चालला.

तो नऊ दिवस आला नाही. काकू रोज दोन कप चहा टाकत होत्या, हेही त्यांनीच सांगितलं. दहाव्या दिवशी आला, कागदाचं नाव काढलं नाही, पेट्रोलला पैसे मागितले. काकूंनी 500 दिले.

वही मला दाखवली. नोंद ‘किरकोळ’ खाली होती.