‘वंश’ की ‘वर्ण’? आणि मुलाच्या तोंडी ‘कृष्णवर्णीय’?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एक शिक्षिका नववीच्या वर्गात वाचायला एका अमेरिकी किशोरकादंबरीचं मराठी करतायत. पोलीस एका काळ्या मुलाला रस्त्यात मारतो. तो प्रसंग एकदा मार खाणारा सांगतो, एकदा लांबून बघणारा गोरा मुलगा. ‘रेस’ला वंश म्हणू की वर्ण, ‘ब्लॅक’ला कृष्णवर्णीय चालेल का, आणि दृष्टिकोन की दृष्टीकोन, असं त्यांनी विचारलंय.

ताई, सरकारी फॉर्मवरचा रकाना असेल तर ‘वंश’ लिहा. गोष्टीत तो चकवेल. आपल्या घरांत वंश म्हणजे वंशाचा दिवा, वंशवेल, निर्वंश. (मूळ अर्थ बांबू; पेरावर पेर चढतं, तशा पिढ्या.) ‘त्याच्या वंशामुळं त्याला मारलं’ म्हटलं की पोरांना भाऊबंदकी वाटणार, बांधावरनं लागलेली.

‘वर्ण’ला रंगाचा अर्थ आहे, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांतनं ‘वर्णभेद’, ‘वर्णद्वेष’ रुळले. पण कोल्हापुरात सुटा ‘वर्ण’ म्हटला की वेदोक्त प्रकरण आठवतं : १८९९ साली पंचगंगेवर पुरोहित शाहू महाराजांसाठी वेदातले सोडून पुराणोक्त मंत्र म्हणाला, कारण त्याच्या लेखी महाराज शूद्र. तेव्हा जोडशब्दच घ्या, वर्णद्वेष. ‘जात’ मात्र नको. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्यांना, इतकी ही दोन दुःखं आपल्याकडं जवळची. तरी जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलंय.

‘कृष्णवर्णीय’ हा बातमीपत्रातला शब्द. सोळा वर्षांचा पोरगा स्वतःला तसं म्हणेल होय? ‘मी काळा आहे’ म्हणेल. तिकडच्या चळवळीनं तो शब्द मानानं मिरवला. तिथल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरनंच १९७२ साली आपल्या दलित पँथरनं नाव घेतलं. गोऱ्या मुलाच्या तोंडी ‘काळा मुलगा’ चालेल, ‘ए काळ्या’ नको. आपल्या गल्लीत ती हाक लाडानंही मारतात, त्या कथेत ती शिवीच होईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी कसोटी क्रियापदांची आहे. मार खाणारा म्हणेल, ‘त्यानं मला बडवलं’. बघणारा म्हणेल, ‘त्याला मार बसला’. मारणारा वाक्यातनं गायब. पोलिसांचं निवेदन म्हणेल, ‘बळाचा वापर करावा लागला’. आपल्या पेपरांतला ‘सौम्य लाठीमार’ याच घरचा. पाठीवर वळ उठलेला माणूस त्याला सौम्य म्हणालेला मी तरी ऐकला नाही. त्यामुळं दोन्ही मुलांच्या प्रकरणांत एकच ‘मारहाण झाली’ वापरू नका. मूळ लेखनातला सगळा ताण तिथंच जातो, आणि वर्गात चर्चेला काही उरत नाही.

दृष्टिकोन : समासात ‘ष्टि’ ऱ्हस्व. सुटी ‘दृष्टी’ दीर्घ.