कणत्वरकातील अतिसंवाहक कॅव्हिटीचे भाग निर्वातातच इलेक्ट्रॉन झोताने का जोडतात?

कॅव्हिटी म्हणजे कणांना वेग देणारी धातूची पोकळी; अतिसंवाहक, म्हणजे अतिथंड अवस्थेत विजेला जवळपास रोध न करणारी कॅव्हिटी बहुधा नायोबियम या धातूची असते. तापलेला नायोबियम हवेतील ऑक्सिजन, नायट्रोजन व बाष्पातील हायड्रोजन झपाट्याने शोषून घेतो आणि या अशुद्धीमुळे सांध्यापाशी त्याची उष्णतावाहकता घटते, म्हणून ही जोडणी निर्वातातच करावी लागते. टेस्ला या कणत्वरक प्रकल्पाच्या धर्तीच्या १.३ गिगाहर्ट्झ कॅव्हिटीसाठी अतिशुद्ध नायोबियमचा सुमारे २.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा साच्यात दाबून अर्धे कप्पे घडवतात आणि ते काठांशी एकमेकांना जोडतात. त्यांतील सर्वांत रुंद घेरावरचा सांधा विशेष नाजूक, कारण तेथे चुंबकीय क्षेत्र तीव्र असते. एखादा सूक्ष्म खड्डा किंवा उडून चिकटलेला धातूचा कण २ केल्विन (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) तापमानाला तेवढ्याच जागी उष्णता निर्माण करून साऱ्या कॅव्हिटीची अतिसंवाहकता मोडू शकतो. पुढे आतील पृष्ठभागाचा शंभरेक मायक्रॉनचा थर रसायनाने काढणे, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला निर्वात भट्टीत हायड्रोजन घालवणे आणि अतिशुद्ध पाण्याच्या उच्चदाब फवाऱ्याने धुणे हे टप्पे येतात, आणि माझ्या मते खरी कसोटी तेथेच लागते. मात्र हे सारे घन नायोबियमच्या कॅव्हिटींना लागू आहे. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या एलएचसी या महाकाय कणत्वरकातील ४०० मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटी तांब्याच्या असून त्यांवर आतून नायोबियमचा केवळ पातळ थर चढवलेला असतो.