डीप फ्रीजरच्या अंगाला भोक पाडू नका

प्रश्न (खानापूर): नमस्कार काका. माझं आईस्क्रीमचं दुकान होतं ते बंद केलं, पण तीनशे लिटरचा वरून उघडायचा डीप फ्रीजर घरात तसाच पडून हाय, चालू कंडिशनमध्ये. पोरगं बेंगळूरला असतंय, तिकडं ड्राफ्ट बिअरचे नळ बघून आलं आणि म्हणालं बाबा आपण आपल्या फ्रीजरलाच नळ बसवूया. फ्रीजवाला मेकॅनिक म्हणतोय पुढच्या बाजूला ड्रिल मारून नळ काढून देतो, दोन तासाचं काम. मारू देऊ काय? आणि घरातच बिअर करून भरली तर चालतंय काय?

उत्तर: दादा, आधी त्या मेकॅनिकला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

आपल्या साध्या घरगुती फ्रीजला पूर्वी मागं काळी जाळी असायची, ती डोळ्यांना दिसायची म्हणून कुठं हात लावायचा नाही ते कळायचं. वरून उघडणाऱ्या डीप फ्रीजरचं तसं नसतंय. त्याच्या गॅसच्या नळ्या पत्र्याच्या आत, फोममध्ये, चारी बाजूंनी गुंडाळलेल्या असतात. फ्रीजर चालू असताना बाहेरच्या पत्र्यावर हात फिरवून बघा, काही जागा कोमट लागतील, तिथून गरम नळी गेलेली असते, आणि आतल्या बाजूनं थंड नळी असते ती तर हातालाही कळत नाही. ड्रिलचं टोक एकदा नळीत घुसलं की गॅस गेला आणि फ्रीजर मेला, कारण फोम फोडून ती नळी जोडत बसण्यापेक्षा दुसरा फ्रीजर घेणं परवडतं. आणि मागच्या लेबलवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, तिथं तर ड्रिलचा विचारच नको. माझ्या ओळखीच्या एकाचा चांगला चालता फ्रीजर असा दहा सेकंदात गेलेला मी समोर उभं राहून बघितलाय, फुस्स असा आवाज आला आणि संपलं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला हे हात जोडून सांगतो.

मग नळ बसवायचा कुठं, तर लाकडात. फ्रीजरचं झाकण बिजागऱ्यांसकट काढायचं, त्याच्या कडेच्या मापाची सहा ते आठ इंच उंच आणि दीड इंच जाड लाकडाची चौकट करून फ्रीजरच्या वर बसवायची आणि झाकण त्या चौकटीवर लावायचं. याला कॉलर म्हणतात. नळासाठीची भोकं या कॉलरला पाडायची, फ्रीजरला ओरखडासुद्धा येत नाही आणि उद्या कंटाळा आला तर कॉलर काढली की फ्रीजर पहिल्यासारखा. खानापूरला लाकूड आणि सुतार या दोन्हीची ददात नाही, फक्त लाकूड सुकलेलं बघून घ्या, ओलं घेतलंत तर दोन महिन्यांत चौकट पीळ खाते आणि झाकण बसत नाही. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्ण मोजून बघायचं, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. खाली फ्रीजरच्या कडेला सिलिकॉन, आतून इंचभर जाड थर्माकोल किंवा पफ शीट, वर झाकणाच्या रबराला नीट टेकेल अशी गुळगुळीत कड. तुमचा फ्रीजर सरकत्या काचेचा असेल (आईस्क्रीमवाल्यांकडं बरेचदा तसलाच असतो) तर काच काढून जाड प्लायवूड आणि पफचं झाकण करून घ्या, काचेतून थंडावा फार जातो.

बिअरसाठी जे स्टीलचे पिंप वापरतात त्याला केग म्हणतात, घरगुती वापराचा १९ लिटरचा असतो, साधारण २२ सेंटीमीटर रुंद आणि ६५ सेंटीमीटरच्या आसपास उंच. विकत घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचे २२ सेंटीमीटरचे गोल कापून फ्रीजरच्या तळाला मांडून बघा किती बसतात ते. एका बाजूला कॉम्प्रेसरचा जो उंचवटा असतो त्यावर केग उभा राहत नाही बहुतेक, पण कार्बन डायऑक्साइडचा (पेय फसफसवणारा आणि नळापर्यंत ढकलणारा गॅस) छोटा सिलिंडर राहतो.

आता थंडाव्याचं. डीप फ्रीजर उणे १८ वर चालायला बनवलेला असतो आणि आपल्याला पाहिजे ४ डिग्री, त्यामुळं मधे टेम्परेचर कंट्रोलर लागतोच. फ्रीजरचा स्वतःचा खटका एकदम थंडवर ठेवायचा आणि फ्रीजरचा करंट कंट्रोलरमधून न्यायचा, तो ४ डिग्रीला बंद करतो, ५ किंवा ६ ला परत चालू करतो. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका, केगच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधा, नाहीतर दर वेळी झाकण उघडलं की कॉम्प्रेसर धावतो. आणि कंट्रोलरमध्ये डिले असतो तो पाच मिनिटांवर ठेवा. हे मी अनुभवानं सांगतोय, माझ्या पहिल्या फ्रीजरला मी डिले ठेवला नव्हता, पावसाळ्यात लाइट जायची यायची, जायची यायची, आणि आतलं प्रेशर उतरायच्या आत कॉम्प्रेसर पुन्हा उठायला बघायचा, शेवटी जळाला. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, अर्थिंग तपासून, आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावून, कारण इथं पाणी आणि करंट एकाच पेटीजवळ नांदणार आहेत.

बिअरचं सरळ सांगतो. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ प्रमाणं लायसन्स नसताना दारू बनवणं गुन्हा आहे आणि त्यात बिअर आली, घरच्यापुरती केली म्हणून सूट नाही. बेंगळूरला मुलानं जे नळ बघितले ते लायसन्स असलेल्या ठिकाणचे. घरात किती ठेवायची यालाही मर्यादा आहे, त्यामुळं भरलेला केग आणायचा विचार असेल तर आधी अबकारी ऑफिसात जाऊन विचारा, आणि गोवा जवळ आहे म्हणून चोर्ला घाटातून परमिटशिवाय घेऊन यायचं मनातसुद्धा आणू नका. पण दादा, ह्या यंत्राला आत काय भरलंय याच्याशी देणंघेणं नाही. तेच केग, तोच गॅस, तोच नळ. मी माझ्यात कोकम सोडा भरतो, दुसऱ्या नळाला आलं-लिंबू, आणि तिसऱ्याला नुसता सोडा. उन्हाळ्यात घरी पाहुणे आले की नळ ओढायचा आणि थंडगार फसफसणारं कोकम ग्लासात घ्यायचं, याचा आनंद मला तरी कशाहून कमी वाटत नाही. फक्त आगळ आणि रस दुहेरी कपड्यातून गाळून भरा, गराचा एक कण व्हॉल्व्हमध्ये अडकला की नळ थेंबथेंब गळतो. लिंबाचा रस दोन दिवसांवर ठेवला तर कडवट होतो, म्हणून तो केग लहान भरा, कोकम मात्र छान टिकतं.

प्रश्न (निपाणी): सर मी असं मशीन तयार केलंय, लिंबू सोडा भरतो, ४ डिग्री टेम्परेचर, गेजवर गॅसचं प्रेशर ३० पीएसआय (दाबाचं माप), सगळं बरोबर आहे तरी अर्धा ग्लास फेस आणि सोड्यात दम नाही. केगपासून नळापर्यंत पाइप तीन फूट आहे. प्रेशर कमी करू का?

उत्तर: प्रेशर कमी करू नका, तेच तेवढं बरोबर आहे तुमचं. गॅस पाण्यात किती विरघळतो हे थंडावा आणि प्रेशर या दोघांवर ठरतं. ४ डिग्रीला १२ पीएसआय दिलं तर पाण्याच्या साधारण अडीच पट गॅस मुरतो, एवढा बिअरला पुरतो. सोड्याला तो झणका पाहिजे म्हणून ३० लागतं, तेव्हा तो चार पटीच्या आसपास जातो. पण ३० च्या जोरानं सोडा तीन फुटांच्या पाइपमधून आला की नळाच्या तोंडाशी एकदम मोकळा होतो आणि सगळा गॅस तिथंच सुटतो, तोच तुमचा फेस, आणि तोच दम तुम्हाला ग्लासात सापडत नाही.

उपाय पाइप लांब करणं. आतून पाच मिलीमीटरच्या आसपासचा (३/१६ इंच) बारीक पाइप घ्या, बिअरच्या १२ पीएसआयला तो दहा फूट लागतो, तुमच्या सोड्याला वीस ते पंचवीस फूट. हसू नका, खरंच एवढा लागतो. त्याचं वेटोळं करून केगच्या डोक्यावर आतच ठेवायचं. लांब बारीक पाइपमध्ये घासत घासत सोड्याचा जोर हळूहळू उतरतो आणि नळातून तो शांत बाहेर पडतो. आधी पंचवीस फूट लावा, धार फार मंद वाटली तर फूट-फूट कापत या, कापलेला पाइप परत लांब होत नाही.

अजून एक बघा, फेस प्रत्येक ग्लासला येतोय की फक्त पहिल्या? फक्त पहिल्याला असेल तर दोष पाइपच्या लांबीत नाही, वरच्या गरम हवेत आहे. थंड हवा तळाला बसते आणि कॉलरजवळ चारपाच डिग्री जास्त असते, तिथला पाइप आणि नळ तापतो. कॉम्प्युटरचा बारका १२ व्होल्टचा फॅन आत लावून तळाची हवा वर फेकली की फरक लगेच कळतो.

आणि नेटवर जे प्रेशरचे तक्ते मिळतात ते समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथं बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून तक्त्यात असेल त्यापेक्षा गेजवर एक-सव्वा पीएसआय जास्त ठेवावं लागतं. निपाणी जरा खाली आहे, तुम्हाला एक पुरे.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): काका, माझे मिस्टर आणि दीर मिळून असला सोड्याचा फ्रीजर करायलेत. घरात लहान मुलं आहेत, गॅसचा सिलिंडर घरात ठेवणं कितपत सेफ आहे? आणि दीर म्हणतात उद्यमबागमध्ये ओळखीच्या लेथवर पितळेचे पार्ट स्वस्तात करून घेऊया.

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत, कारण करणारे दोघं नळाच्या नादात असतात आणि ही गोष्ट शेवटी आठवते.

पितळ नको म्हणजे नकोच. सोडा हा आम्लधर्मी असतो, त्यात लिंबू-कोकम म्हणजे अजून आंबट, आणि तो पितळेत किंवा तांब्यात साठून राहिला की तांबं पाण्यात उतरतं. आपल्याकडं कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवत नाहीत, तसंच समजा. मळमळ, उलट्या, पोटदुखी, आणि मुलांना जास्त त्रास. उद्यमबागच्या लेथवाल्यांचा हात फार चांगला आहे, त्यांना ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील द्या, तेही करून देतील. पितळ चालतं ते फक्त गॅसच्या रेग्युलेटरला, जिथं सोडा पोचत नाही, आणि तिथंही सोडा उलटा चढू नये म्हणून गॅसच्या पाइपला चेक व्हॉल्व्ह पाहिजे.

सिलिंडरचं म्हणाल तर कार्बन डायऑक्साइड पेट घेत नाही, पण हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि वास येत नाही. गळला तर खाली साठतो आणि फ्रीजर म्हणजे तर वरून उघडी पेटीच. म्हणून झाकण उघडल्या उघडल्या कुणी आत डोकं घालायचं नाही, मुलांना तर झाकणाला हातच लावू देऊ नका, कडी-कुलूप बसवा. फ्रीजर बंद खोलीत नको, जिन्याखाली तर नकोच, खिडकी असलेल्या जागी ठेवा. सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, आणि रात्री झोपताना सिलिंडरचा मेन व्हॉल्व्ह बंद करायची सवय लावा.

गॅस खाण्यापिण्याच्या ग्रेडचाच घ्या, गावातले गोळी सोडावाले कुठून भरून आणतात ते विचारा, ते नीट सांगतात. आग विझवायचा सिलिंडर कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, त्याच्या आत तळापर्यंत नळी असते आणि गॅसऐवजी द्रव बाहेर येतो, रेग्युलेटर खराब होतो. सिलिंडरवर टेस्टिंगची तारीख ठोकलेली असते ती बघून घ्या. आणि एक, सिलिंडर फ्रीजरच्या आत ठेवला की सिलिंडरचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येतो, गॅस संपला म्हणून घाबरू नका, थंडीनं आतलं प्रेशर उतरलेलं असतं. किती गॅस उरलाय ते वजन करूनच कळतं.

प्रश्न (कारवार): फ्रीजरच्या तळाला रोज पाणी साठतंय आणि लाकडी चौकटीला आतून काळी बुरशी आलीय. काय करू?

उत्तर: कारवारची हवाच दमट, त्यात उणे १८ ऐवजी ४ डिग्रीला चालवल्यावर बर्फाऐवजी पाणीच होणार. आधी झाकणाचं रबर तपासा, कागदाची पट्टी झाकणात दाबून ओढा, सहज निघाली तर तिथून दमट हवा आत येतेय. लाकूड एकदा पूर्ण वाळवा, बुरशी घासून काढा आणि आतून-बाहेरून पॉलीयुरेथेनचे तीन हात मारा, भोकांच्या आतल्या कडांनासुद्धा, पाणी तिथूनच शिरतं. तळाला सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, ओल्या झाल्या की मंद ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतात. पाइप आणि नळ दर आठवड्याला धुताय ना? साखरेचं काही भरत असाल तर धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी पाइपमधून सोडायचं, वीस मिनिटं ठेवायचं आणि मग साधं पाणी बुळबुळीतपणा जाईपर्यंत, आणि नळ महिन्यातून एकदा पूर्ण खोलून ब्रशनं, कारण बुरशी लाकडावर दिसते तशी नळाच्या आत दिसत नाही.