खांदा मोडला, निखळला, आखडला

प्रश्न : आई (वय ६८) न्हाणीत घसरली. खांद्यापाशी दंडाचं हाड मोडून थोडं सरकलंय. संभाजीनगरचे डॉक्टर प्लेट टाका म्हणतात, गावातले डॉक्टर म्हणतात हात गळ्यात बांधून ठेवा. ऑपरेशननं फरक पडत नाही, असं ब्रिटिश संशोधन आहे म्हणे. खरं काय?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : संशोधन खरं आहे. अस्थिशल्यचिकित्सक प्रा. अमर रंगन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. रुग्णांचं सरासरी वय ६६. निम्म्यांचं ऑपरेशन झालं, निम्म्यांना झोळी दिली. दुखणं आणि हाताची रोजची कामं ४८ गुणांच्या प्रश्नावलीनं दोन वर्षं मोजली, तर दोन्ही गटांत एका गुणाचाही फरक निघाला नाही. मात्र गोळा खोबणीतून निखळलेले किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. आईंचं तसं काही आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. नसेल, तर झोळीचा सल्ला गावातून आला म्हणून हलका धरू नका.

झोळी साधारण तीन आठवडे. बोटं, मनगट पहिल्या दिवसापासून हलवायचे. कोपर डॉक्टरांना विचारून, पण लवकरच. झोपताना पाठीला उशा लावून टेकून झोपवा आणि कोपराखाली चादरीची घडी ठेवा. कोपर मागं पडलं की मोडलेल्या जागी ताण येतो. काखेत सुती फडकं ठेवून रोज बदला, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिथली कातडी लगेच सोलवटते. चार-पाच दिवसांत काळंनिळं कोपरापर्यंत, कधी छातीवरही उतरतं. घरचे घाबरतात, पण ते साकळलेलं रक्त असतं, आपोआप जिरतं.

एक-दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. डॉक्टर हो म्हणाले की चांगला हात टेबलावर टेकवून वाकायचं, दुखरा हात लोंबता सोडायचा आणि लहान गोल फिरवायचा. दर वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. खरी हयगय इथंच होते. दुखतं म्हणून हात दोन-दोन महिने झोळीतच राहतो. हाड जुळतं, पण खांदा आखडतो. हाडवैद्याकडून चोळून घेणं आणि कामट्या आवळणं दोन्ही टाळा. बोटं गार किंवा बधिर पडली, मनगट वर उचलेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : विहिरीवरची मोटार चालू करताना भावाला शॉक बसला. एक्स-रेत काही नाही म्हणाले, पण दहा दिवस झाले तरी हात बाहेरच्या बाजूला वळत नाही.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. शॉकनं सगळे स्नायू एकदम आवळतात; हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा दणकट असल्यानं गोळा मागं ढकलला जातो. फिट आल्यावरही असंच होतं. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे सहज निसटतं. घरी एक बघा : कोपर न वाकवता हात समोर उचलल्यावर तळवा आभाळाकडं होतो का? होत नसेल, तर काखेतून घेतलेला एक्स-रे किंवा सीटी स्कॅन मागून घ्या. हे उद्यावर टाकू नका. साधारण तीन आठवड्यांच्या आत भूल देऊन बसवण्याची शक्यता बरी असते. उशीर झाला की गोळ्याला पडलेली खाच वाढत जाते आणि ऑपरेशनची वेळ येते. कोणालाही हिसका मारू देऊ नका.

प्रश्न : मला मधुमेह आहे, वय ५४. चार महिन्यांपासून खांदा आखडलाय, वेणी घालता येत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन करू का?
— एक वाचक, जालना

उत्तर : घाई नको. मधुमेहात खांदा आखडणं नेहमीचं आहे. रंगन यांच्याच दुसऱ्या चाचणीत (२०२०, ५०३ रुग्ण) तीन उपाय तपासले : स्टेरॉइड इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात मोकळा करणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन. वर्षभरानं कोणताही उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात जास्त होती. फिजिओथेरपीवाल्यांपैकी काहींना मात्र पुढं आणखी उपचार लागले. सुरुवात इंजेक्शन आणि व्यायामानं करा. इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा ती रोज तपासा आणि औषधाचा डोस आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.