निवृत्तीच्या रकमेतील वाटा : हुकूमनामा हाती आहे, पैसे नाहीत

प्रश्न : आमचा घटस्फोट परस्परसंमतीने इंदूरच्या कुटुंब न्यायालयात झाला. पतीने निवृत्तीनंतर मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा व भविष्य निर्वाह निधीचा एक तृतीयांश भाग मला कायमस्वरूपी पोटगी म्हणून द्यावा, अशी अट हुकूमनाम्यात आहे. ते वडोदऱ्यातील एका खासगी कंपनीतून तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. "आम्ही रक्कम कर्मचाऱ्यालाच देतो," एवढेच कंपनी सांगते, आणि पती फोन उचलत नाहीत. मी काय करावे?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कंपनीचे उत्तर आपल्याला कठोर वाटले असेल, पण ते कायद्याला धरून आहे. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीविषयीचे कायदे या रकमांना जप्तीपासून संरक्षण देतात. शिवाय हुकूमनामा पतीवर बंधनकारक आहे, कंपनीवर नाही. तेव्हा कंपनीकडे खेटे घालू नका; हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन इंदूरच्या त्याच न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त (वसुलीचा अर्ज) दाखल करा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28-अ नुसार असा हुकूम दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेच बजावला जातो.

आपली खरी अडचण आकड्याची आहे. एक तृतीयांश म्हणजे नेमके किती रुपये, हे हुकूमनाम्यात लिहिलेले नाही, आणि निश्चित रकमेशिवाय वसुली पुढे सरकत नाही. म्हणून दरखास्तीबरोबरच, ग्रॅच्युइटी किती मिळाली, निधीचा दावा केव्हा मंजूर झाला आणि पैसे कोणत्या खात्यात गेले, याचा तपशील न्यायालयामार्फत कंपनीकडून मागवण्याचा अर्ज द्यावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 41 खाली पतीला मालमत्तेचे शपथपत्र देण्याचा हुकूम मागता येतो. तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज मागे ठेवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बँक खात्यावर जप्ती मागितल्यास, ही निवृत्तीचीच रक्कम आहे, असा बचाव पती घेतील. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली एका प्रकरणात असा बचाव मान्य केला होता. पण तेथे वसुली बँकेच्या कर्जाची होती, पत्नीच्या पोटगीची नव्हती. पोटगीसाठी निवृत्तिवेतनातून वसुली करता येते, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने घेतलेली आहे. मध्य प्रदेशातील न्यायालयावर ती बंधनकारक नसली तरी आपल्या वकिलांनी ती जरूर दाखवावी. हुकूमनाम्यात "कायमस्वरूपी पोटगी" हे शब्द आहेत, ही आपली मोठी जमेची बाजू आहे.

पतीच्या नावे वडोदऱ्यात सदनिका असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 खाली हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे वर्ग करून घेऊन तिची जप्ती मागता येते, आणि तेथे निवृत्तीच्या पैशाचा बचाव चालत नाही. पतीने घटस्फोटाच्या वेळी न्यायालयाला लेखी हमी दिली असेल, तर अवमानाचा अर्जही करता येईल. त्याला मात्र एक वर्षाची मुदत आहे. दरखास्तीची मुदत 12 वर्षांची असली तरी पैसे खर्च होण्याआधी हालचाल करणे आपल्या हिताचे आहे. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.